पोचा काढणारे धुमाळसाहेब

सज्जनांची चरित्रे मी आयुष्यभर वाचली आणि मंदिरात बसून लोकांना वाचून दाखवली. धुमाळसाहेबांविषयी लिहिताना त्यांतला एकही शब्द उपयोगी पडत नाही. तरी ते विसरता येत नाहीत. बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत ते आमच्या समोरच्या घरात चौदा वर्षे राहिले. मोटारसायकलच्या सीटवर लांबच्या प्रवासात सुखाने कसे बसावे, या एका विषयावर त्यांनी त्या काळात जेवढे व्याख्यान दिले, तेवढे मी परमेश्वराविषयीही दिले नसेल. आणि परमेश्वराविषयी बोलणे हे तर माझे काम.

मूळचे ते साताऱ्याकडचे. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बडोद्यास आले आणि सुरक्षा विभागातून निवृत्त झाले. अंगाने भरदार, मिशा वळवलेल्या, आणि वैशाखातसुद्धा अंगात सतरा खिशांचे जाकीट. सकाळी दूध आणायला निघताना ते गुडघ्यांना कवच बांधत. दुधाचे केंद्र आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर आहे.

त्यांची मोटारसायकल भारी होती आणि बहुतेक काळ आच्छादनाखाली असे. तिच्या मूळ सीटवर हवा भरायची रबरी गादी, त्यावर जेलची थुलथुलीत पट्टी आणि सर्वांत वर मेंढीचे लोकरीचे कातडे अशी रचना होती. त्या सिंहासनावर चढताना साहेबांना शेजारच्या ओट्याचा आधार लागे. संध्याकाळी पिंपळाखालच्या बाकावर त्यांचा दरबार भरे. तिथेही ते घरून उशी घेऊन येत आणि बाकीच्यांना उघड्या सिमेंटवर बसवून बैठकीचे सुख समजावून सांगत.

त्यांना एक खोड होती. कुणाची दुचाकी उभी दिसली की जवळ जाऊन तिच्या सीटमध्ये ते उजवा अंगठा खुपसत, डोळे मिटत आणि निकाल देत, "मेली." अंगठा जितका खोल जाईल तितकी सीट जिवंत, एवढेच त्यांचे शास्त्र. सोसायटीतल्या बहुतेक सीटा त्यांच्या मते मेलेल्या होत्या आणि त्यांचे मालक त्या प्रेतांवर बसून रोज निमूटपणे कामाला जात होते.

एकदा ते माझ्याकडे आले. मी नुकताच पूजेवरून उठलो होतो. दर्भासन गुंडाळून ठेवत होतो. त्यांनी ते पाहिले आणि त्यांना माझी कीव आली.

"शास्त्रीबुवा, याच्यावर बसता? दोन-दोन तास?"

"चाळीस वर्षे बसतो आहे."

"म्हणून तुमच्या चेहऱ्यावर ताण दिसतो. ते असू द्या. मला एक संस्कृत नाव पाहिजे. मी सीटचं जे शास्त्र काढलंय ना, त्याला. आसनसिद्धी कसं वाटतं? आणि एक छोटासा मंत्र द्या. सीटच्या मागच्या बाजूला भरतकामात काढून घेतो."

"मंत्रावर बसणार?"

"पुढं काढला तर पोटाखाली येतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मागंच बरा."

मी मंत्र दिला नाही. नाव मात्र त्यांनी आपले आपण घेतले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या फाटकावर 'आसनसिद्धी' अशी पाटी लागली. सिद्धीतली सि दीर्घ होती.

त्यांच्या पराक्रमांत मुख्य पराक्रम लडाखच्या वाटेवरचा. "बडोदा ते जम्मू, तीस तास, एका बैठकीत," असे ते सांगत, आणि ऐकणारे आदराने त्यांच्या बैठकीकडे पाहत. मीही ते खरे मानले होते. दुसऱ्याच्या तपावर अविश्वास दाखवू नये, असे माझ्या गुरूंनी शिकवले आहे. पुढे एका दुपारी त्यांच्या पत्नी कमलताई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या असता कुणी तरी ती गोष्ट काढली. कमलताईंनी शांतपणे ओटीतले तांदूळ सारखे केले.

"खरंच आहे ते. तीस तास बसलेच होते. गाडी मालडब्यात, आणि हे खिडकीपाशी."

"आणि जम्मूच्या पुढे?"

"पुढे पाऊस लागला. परत आलो."

त्या बाईंच्या तोंडून नवऱ्याविरुद्ध मी एवढेच ऐकले, आणि यापेक्षा अधिक लागतही नव्हते.

साहेबांना दुसरा अभिमान होता तो आपल्या गुजरातीचा. आम्ही जुन्या बडोद्यातल्या नागरवाड्यात वाढलेली माणसे. गुजराती आमच्या कानांत जन्मापासून आहे, आणि तरीही बोलताना चुकू नये म्हणून जपून बोलतो. साहेबांना अशी भीती नव्हती. "अहो, काय अवघड आहे? मराठी शब्दाच्या शेवटी ओ लावला की झालं गुजराती. घोडा, घोडो. डबा, डबो." या एका नियमावर त्यांनी बडोद्यात सगळा संसार केला, आणि भाजीवाल्या बायकांनी सौजन्याने त्यांना कधी दुरुस्त केले नाही.

हे सगळे हसून सोडून देता आले असते. परंतु माझी भावजय सुलभा त्यांच्या अंगठ्याखाली सापडली.

माझा धाकटा भाऊ मधुकर आणि सुलभा आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. आमच्या आईने नर्मदा परिक्रमेचा संकल्प केला होता. तो तिच्या हातून झाला नाही. शेवटच्या आजारात तिची सेवा करताना सुलभेने तो संकल्प आपल्याकडे मागून घेतला. "आई, तुमच्या वाटची मी करते," एवढेच ती म्हणाली होती, पण त्यानंतर आईने तो विषय मनातून काढून टाकला आणि निश्चिंतपणे डोळे मिटले. अशा शब्दाला पळवाट नसते. तो पाळावा लागतो.

अडचण अशी, की गुडघ्यांमुळे सुलभेला पायी परिक्रमा शक्य नव्हती, आणि मोटारीत किंवा बसमध्ये बसले की पंधरा मिनिटांत तिला ओकाऱ्या सुरू होतात. उघड्या हवेत मधुकरच्या मागे मोटारसायकलवर मात्र तिला काही होत नाही. राहिला तो एकच मार्ग. त्यातही दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली होती आणि माकडहाड दुखावले होते. परिक्रमा एकदा उचलली की मध्ये सोडता येत नाही. नदी ओलांडून जवळच्या वाटेने घरी परतता येत नाही. पंधरा-वीस दिवस तिला त्या मागच्या सीटवर बसता आले पाहिजे, एवढ्यावर सगळे होते.

मधुकरने हे बाकावर बोलून दाखवले, आणि धुमाळसाहेब उशीवरून उठून उभे राहिले.

"वहिनींची जबाबदारी माझी. आसनसिद्धी कशाला आहे मग?"

त्यांनी मधुकरच्या सीटमध्ये अंगठा खुपसला, ती मेल्याचे जाहीर केले, आणि स्वतःच्या घरातल्या जुन्या सोफ्याचा स्पंज काढून तीन थरांत आत भरला. सीट फुगून टाकीपेक्षा उंच झाली. सुलभा पंजाबी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून बसली आणि म्हणाली, "ढगावर बसल्यासारखं वाटतं." पहिल्या दिवशी मधुकर तिला वीसेक किलोमीटरवरच्या पादरा गावाच्या वाटेवर थोडे नेऊन अर्ध्या तासात परत घेऊन आला. ती हसत उतरली. साहेबांनी बाकाकडे पाहून हात पसरले, जणू नाटकातला पडदा पडला होता.

दुसऱ्या फेरीत ती दोघे सत्तरेक किलोमीटरवरच्या बोडेलीपर्यंत गेली. बोडेलीला सुलभेला सीटवरून उतरवायला चहाच्या टपरीवरची दोन माणसे लागली. टपरीवाल्याने बाज दिली. तिच्यावर ती तास दोन तास पालथी पडून होती. परत आली ती केळी नेणाऱ्या उघड्या टेम्पोत, पानांवर आडवी होऊन. जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबत होती. वर गेल्यावर तिने मला म्हटले, "भाऊजी, आईंना शब्द दिला तेव्हा माझ्या हाडांना विचारून घ्यायला हवं होतं." ती हसली होती. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिले नाही.

साहेब मात्र विचलित झाले नाहीत. त्यांनी सीटचे निरीक्षण केले आणि मध्यभागी बोट ठेवले. "बघा, सापडलं. मध्ये पोचा आलाय." पडलेल्या तांब्याला जसा खड्डा पडतो, त्याला आपण घरात पोचा म्हणतो, तसा खड्डा त्यांच्या सोफ्याच्या स्पंजला पडला होता. "तो काढायचा, म्हणजे आणखी भर घालून फुगवायचा. यंत्रावर दाबून शिवलं पाहिजे. पादऱ्याला जशुभाई म्हणून कारागीर आहे, ट्रॅक्टरच्या सीटा करतो. त्याच्याकडं द्या. मी चिठ्ठी देतो."

"तुम्हीही चला ना," मधुकर म्हणाला. "समोर सांगितलेलं बरं."

"पादऱ्याला? एवढ्या लांब?" साहेब म्हणाले. मग सावरून घेतले. "माझी चिठ्ठी पुरे. गुजरातीत लिहितो."

चिठ्ठी मी वाचली आहे. देवनागरीत, ठळक अक्षरांत एकच आज्ञा होती: 'वचलो पोचो काढी नाखजो. पछी सरखी करजो.' साहेबांच्या मनातला अर्थ, मधला पोचा काढून टाका आणि मग सारखी करा. खाली सही, आणि सहीखाली 'आसनसिद्धी'. सोबत सोफ्याचाच आणखी एक स्पंज, सुतळीने बांधलेला.

चार दिवसांनी मधुकर सीट आणायला निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबर गेलो. पादऱ्यात एका घरी माझे पोथीवाचन होते. जशुभाई साठीचे, कृश, तोंडात टाचण्या धरून बोलणारे गृहस्थ. त्यांनी सीट पुढे ठेवली. ती सपाट झाली होती. फुगा नाही, मध्ये शिवण नाही, पुढे उतरणारा ढाळ नाही. मागच्या बाजूला, जिथे माकडहाड टेकते, तिथे वरून दिसणार नाही अशी खाच आतून घेतलेली होती. मधुकरने हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"जशुभाई, आ तो कडक छे."

"कडकज जोईए ने!" जशुभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "बधा आवीने एकज वात करे, पोचू करो, पोचू करो. अर्धो कलाक सारू लागे, पछी हाडकां नीचे पाटियाने अडे. आ जुओ."

अर्धा तास बरे वाटते, मग हाडे खालच्या फळीला टेकतात, हे दाखवायला त्यांनी आमचा जुना स्पंज उलटा केला. त्यात दोन खड्डे पडले होते, एका बाईच्या दोन हाडांचे. तळाशी स्पंज कागदासारखा चपटा झाला होता. सुलभा बोडेलीपर्यंत ढगावर नव्हे, प्लास्टिकच्या पत्र्यावर बसून गेली होती.

"ढाळ हतो, एटले ब्रेक मारो ने बेन आगळ सरके. पाछी खसे, पाछी सरके. कमर तूटी जाय." प्रत्येक ब्रेकला बाई ढाळावरून पुढे सरकते आणि कंबर मोडते, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि ती लिहिणाऱ्या शहाण्या माणसाविषयी मधुकरला विचारले, "आ लखनार कोण छे? वीस वरसमां पहेलो समजदार माणस मळ्यो. चोख्खू लख्यू छे, वचलो पोचो काढी नाखजो. में बधोज काढी नाख्यो." सुतळीत बांधलेला स्पंज त्यांनी जसाच्या तसा परत दिला. "ने आ पण पोचो छे. आ पण नथी नाख्यो."

 मधुकरही नागरवाड्यातच वाढला. पोचू म्हणजे गुजरातीत मऊ, हे त्याला सांगावे लागत नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. साहेबांनी खड्डा भरायला सांगितला होता. शेवटी ओ लावल्यामुळे त्यांनी सगळा मऊपणा उपटून टाकण्याची आज्ञा दिली होती. त्यांच्या आयुष्यातले एकमेव योग्य मार्गदर्शन त्यांच्या नकळत त्यांच्या हातून झाले होते.

"दादा, साहेबांना सांगायचं?" वाटेत मधुकरने विचारले.

"आधी सुलभेला बसू दे," मी म्हटले.

पुढच्या रविवारी ती दोघे नर्मदाकाठी पन्नासएक किलोमीटरवरच्या चांदोदला जाऊन आली. वाटेत दर तासाला थांबून, चार पावले चालून पुन्हा बसायचे, हेही जशुभाईंनीच सांगितले होते. संध्याकाळी मी ओसरीत होतो. मोटारसायकल थांबली, सुलभा मधुकरचा खांदा न धरता उतरली, ओढणी झटकली आणि जिना चढून गेली. एकाही पायरीवर थांबली नाही. मी हात जोडले, कुणाला ते मला आता आठवत नाही.

त्या संध्याकाळी बाकावर साहेबांचा आवाज चढला होता. "चिठ्ठी कुणाची? शब्दाशब्दाला महत्त्व असतं. कारागिराला नेमकं सांगता आलं पाहिजे." लोक माना डोलावत होते.  एखाद्या पोकळ माणसाला फुगण्यापासून रोखण्याइतके माझे तप नाही, आणि सुलभेचे काम झाले होते. निदान मला तसे वाटले.

निघण्याच्या तीन दिवस आधी, दुपारी, मी मंदिरातून परत येत असताना वाहने ठेवायच्या जागेत खडखड ऐकू आली. साहेब जमिनीवर बसले होते. मधुकरची सीट त्यांच्या मांडीवर उलटी होती. रेक्झिनच्या पिना त्यांनी पकडीने उपटल्या होत्या आणि शेजारी सुतळी सोडलेला तो स्पंज पडला होता.

"हे काय करता?"

"शेवटचा हात फिरवतो. चांदोदपर्यंत ठीक आहे हो, पण अमरकंटकपर्यंत या फळीवर बसून वहिनींचं काय होईल? जशुभाईनं पोचा काढला, पण भर घालायला विसरला. मधुकरला कशाला सांगायचं, सरप्राईज."

कुणाच्याही अज्ञानाचे माप त्याच्या पदरात घालणे मला आवडत नाही. ते मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या बाबतीतही टाळले. परंतु त्या मांडीवर आमच्या आईचा संकल्प उलटा पडला होता.

"साहेब," मी म्हटले, "पोचो म्हणजे खड्डा नव्हे."

"म्हणजे?"

"गुजरातीत पोचू म्हणजे मऊ. वचलो पोचो काढी नाखजो, म्हणजे मधला मऊ भाग काढून टाका. त्यांनी काढून टाकला. तुम्ही जे लिहायला निघाला होता ते लिहिले असते, तर सुलभा आज अंथरुणावर असती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कारखान्यात भोंगा वाजल्यावर कुठल्या दिशेने पळायचे ते ठाऊक असलेला माणूस जसा पाहील, तसे. फक्त इथे कुठलीच दिशा नव्हती. मग त्यांनी तो स्पंज बाजूला सरकवला. रेक्झिन ओढून धरले आणि एकेक पीन परत ठोकू लागले. एक पीन त्यांच्या बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवले. सीट आधीसारखी ताठ होईपर्यंत मी तिथून हललो नाही. माझा त्यांच्यावर तेवढासुद्धा विश्वास नव्हता.

"वहिनींना सांगू नका," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. सांगायचे तर तुम्ही सांगा."

मधुकर आणि सुलभा ठरल्या दिवशी निघाली. नर्मदामाईच्या कृपेने आणि पादऱ्याच्या एका कारागिराच्या हाताने, बाविसाव्या दिवशी दोघेही परत आली. नदी कुठेही ओलांडली नव्हती. सुलभा उन्हाने काळवंडली होती आणि चालत होती. आईच्या तसबिरीपुढे तिने नर्मदेच्या पाण्याची कुपी ठेवली आणि "झाली हो," एवढेच म्हणाली.

परिक्रमेनंतर कढईचा शिरा करून वाटायचा असतो. मंदिराच्या अंगणात सारी सोसायटी जमली. मी नैवेद्य दाखवला आणि वाढायला उभा राहिलो. धुमाळसाहेब जाकीट घालून आले होते. कमलताई त्यांच्या मागे दोन पावलांवर होत्या. सुलभा पुढे झाली आणि सर्वांदेखत तिने साहेबांना वाकून नमस्कार केला.

"धुमाळसाहेब, तुमच्या त्या चिठ्ठीमुळं माझी परिक्रमा झाली. दररोज तुमची आठवण काढली."

 साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मधुकरनेही माझ्याकडे पाहिले. मला क्षणभर खरोखर वाटले, की आता हा मनुष्य बोलेल. बाविसावा दिवस पुरा करून आलेल्या त्या बाईपुढे तरी खरे बोलेल. पुरुष वाकला तर कधी कधी तिथेच वाकतो, हे मी पाहिले आहे. त्यांचे ओठ हलले. त्यांनी घसा साफ केला.

"अहो वहिनी, त्यात काय," ते म्हणाले. "गुजराती पक्की असावी लागते."

कमलताईंनी पदर तोंडाला लावला आणि मंदिराच्या कळसाकडे पाहू लागल्या. साहेब रांगेत आले. त्यानंतर आठवड्याभरात ते मुलाकडे पुण्यास राहायला गेले आणि मी त्यांना पुन्हा पाहिले नाही. म्हणून ते माझ्या मनात अजून तिथेच, माझ्यासमोर द्रोण धरून उभे आहेत. प्रसाद कुणाला नाकारता येत नाही. मी पळीभर शिरा वाढला. त्यांनी द्रोणाकडे पाहिले, हात मागे घेतला नाही, आणि अत्यंत मायेने म्हणाले,

"शास्त्रीबुवा, जरा सढळ हातानं."